तोंड नको, पाय दाखवा

"तोंड नको, पाय दाखवा!"

पार्टिशनच्या पलीकडून हे वाक्य आलं की माझ्यासमोर बसलेलं मूल दचकायचं. मी त्याला 'प' म्हणायला शिकवत असायचे आणि पलीकडे शमीम आपा फोनमधल्या कुणा काकांवर ओरडत असायच्या. "काका, कॅमेरा खाली करा. अजून खाली. तुमचं तोंड बघून मला काय करायचंय? पाय दाखवा, पाय!" मग ते मूल हसायचं आणि 'पाय' म्हणायचं. दोन-तीन मुलांचा 'प' तरी आपांच्या ओरडण्यानंच सुटला असेल.

आमचं सेंटर जुळे सोलापुरात, एका मेडिकल दुकानाच्या वर होतं. मी बोलण्याचे उपचार करायचे, आपा फिजिओथेरपिस्ट. त्या माझ्यापेक्षा वयानं बऱ्याच मोठ्या, म्हणून सगळ्यांसारखी मीही त्यांना आपाच म्हणायचे. लॉकडाऊनमध्ये आमचं सगळं काम फोनवर गेलं. पुढे सगळं सुरू झालं तरी गावाकडचे पेशंट फोनवरच राहिले. अर्धांग झालेल्या माणसाला एसटीत चढवून सोलापूरला आणायचं आणि परत न्यायचं म्हणजे घरातल्या दोन माणसांचा दिवस जातो. त्यापेक्षा व्हिडिओ कॉल त्यांना परवडायचा.

आपांना मात्र तो कधीच आवडला नाही. "माझे हात काढून घेतलेत आणि म्हणतात, पोळ्या लाट," असं त्या म्हणायच्या. आयुष्यभर त्यांनी हातांनी काम केलेलं. दंडाला नुसता हात लावला की कुठला स्नायू काम चुकवतोय ते त्यांना कळायचं. आता समोर वितभर काच, आणि काचेत कधी पंखा, कधी कुणाचं नाक, कधी नुसतंच फिरणारं गोल चक्र.

हात गेले म्हणून त्यांनी बाकीचं सगळं कामाला लावलं होतं. कॉल चालू असेपर्यंत त्या खाली बसत नसत. ओढणी कमरेला गुंडाळून, चष्मा डोक्यावर सरकवून त्या उभ्या राहायच्या आणि पेशंटला जे सांगायचं ते स्वतः करून दाखवायच्या. गुडघे त्यांचेही दुखायचे, पण खुर्चीतून उठबस करताना चेहऱ्यावरची रेषही हलू द्यायच्या नाहीत. टेबलावरच्या चहावर बशी झाकलेली असायची. तो चहा गरम असताना त्यांनी प्यायल्याचं मला आठवत नाही.

नवीन पेशंट आला की पहिल्या दिवशी व्यायाम नाही. "आधी घर दाखवा," म्हणायच्या. घरचं माणूस फोन घेऊन फिरायचं आणि आपा इकडून सूचना करायच्या. ते पायपुसणं उचला. मोरीत पाणी साचतंय, तिथं फरशी घासून घ्या. कॉट एवढी उंच कशाला? कुणाकुणाला राग यायचा. परकी बाई आपल्या मोरीत डोकावते म्हणजे काय! आपांना त्याचं काही वाटत नसे.

बार्शीचे एक निवृत्त शिक्षक त्यांचे पेशंट होते. फोनसमोर ते असे ताठ चालून दाखवायचे की बघत राहावं. "बघा मॅडम, झालो की नाही बरा?" आपांनी एक दिवस त्यांना सांगितलं, "सर, फोन टेबलावर पालथा ठेवा आणि स्वयंपाकघरात जाऊन पाणी पिऊन या." सर गेले. आपा डोळे मिटून ऐकत उभ्या राहिल्या. सर परत आल्यावर म्हणाल्या, "डावी चप्पल घासतेय. आणि दाराशी तुम्ही कपाटाला धरलंत." पलीकडून सरांच्या बायकोचा हसण्याचा आवाज. "धरतात की! रोज धरतात!" सर पुढचे दोन दिवस रुसले होते.

हे दिवस मजेचे होते. त्यानंतर आपा बदलल्या. कशामुळे, ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

शहरातलेच एक गृहस्थ होते, पक्षाघातातून सावरत आलेले. त्या दिवशी बायको भाजी आणायला गेली होती आणि एकटे आहोत हे आपांना न सांगताच ते कॉलवर बसले. फोन स्टीलच्या डब्याला टेकवून ठेवलेला. खुर्चीतून उठताना त्यांचा तोल गेला, हात डब्याला लागला आणि फोन उताणा पडला. मला पार्टिशनच्या पलीकडून आधी धप्प असा आवाज ऐकू आला आणि त्यापाठोपाठ आपांचा. आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता. अगदी खालच्या पट्टीतला होता.

"काका, हलू नका. मी इथंच आहे."

मी धावत गेले. स्क्रीनवर फक्त छताचा पंखा फिरत होता. आपांनी हातानंच मला खूण केली, बायकोला फोन लाव. मी नंबर शोधून लावला. त्या बिचाऱ्या बाजारातून निघाल्या. तोपर्यंत आपा त्या पंख्याशी बोलत राहिल्या. "काका, ऐकू येतंय का? नुसतं हं म्हणा. मान हलवू नका. बोटं हलतात का बघा. घाबरू नका, काकू निघाल्यात, भाजी टाकून निघाल्यात." बराच वेळ काही नाही. मग कुठून तरी एक कण्हल्यासारखा 'हं' आला. आपांनी डोळे मिटले आणि पुन्हा बोलायला लागल्या. दार उघडल्याचा आणि काकूंच्या रडण्याचा आवाज येईपर्यंत त्या थांबल्या नाहीत.

कपाळाला टाके पडले, पण हाड मोडलं नाही. काका वाचले. आपांनी मात्र त्या दिवशी चहावरची बशी उचललीच नाही.

"एवढ्या जवळून पडताना बघितलं मी त्यांना, वैशाली," त्या म्हणाल्या. "आणि हात घालता आला नाही."

त्यानंतर त्यांचा सूर धारदार झाला. प्रत्येक घरच्या माणसाला त्या बजावायला लागल्या, "एकदा पडले तर सगळं संपलं. पुन्हा उभे राहणार नाहीत. जबाबदारी तुमची." मी एकदा म्हटलंही, आपा, माणसं घाबरतात. त्या म्हणाल्या, "घाबरू देत. घाबरलेलं माणूस लक्ष ठेवतं."

वळसंगच्या नीलव्वा त्याच सुमारास आमच्याकडे आल्या. म्हणजे फोनवर आल्या. सत्तरीच्या असतील. उजवी बाजू लुळी पडलेली आणि बोलणं गेलेलं, म्हणून त्या आपांच्याही पेशंट होत्या आणि माझ्याही. घरात कानडी आणि मराठी दोन्ही चालायचं. नीलव्वांकडे त्या सगळ्या भाषेतून एकच शब्द उरला होता, 'बेड'. कानडीत म्हणजे 'नको'. पाणी हवं असलं तरी बेड, आनंद झाला तरी बेड. नुसत्या आवाजाच्या चढउतारावरून अर्थ लावायचा.

त्यांचा मुलगा मल्लिनाथ सोलापुरात कारखान्यात कामाला होता आणि बहुतेक रात्रपाळीला असायचा. घरी सून, महानंदा. फोन तीच धरायची, त्यामुळे ती आम्हाला कधी दिसलीच नाही. काचेच्या कडेला तिचा अंगठा दिसायचा आणि हिरव्या बांगड्यांचा आवाज यायचा, एवढीच तिची ओळख. बोलणंही तेवढंच.

"रोज करून घेता का व्यायाम?"

"घेते की."

"मग कोपर अजून का सुटत नाही?"

"काय म्हाईत."

आपांना तिचा राग यायला लागला. नीलव्वा गळून गेल्यासारख्या दिसायच्या, मधेच डोळे मिटायच्या. कॉल उशिरा सुरू व्हायचा, कधी अर्ध्यावर बंद पडायचा. "लक्ष नाही या बाईचं," आपा म्हणायच्या. "नुसता फोन धरून उभी राहते, पुतळ्यासारखी."

एक दिवस नीलव्वा चांगल्या हातानं लुळा हात वर उचलायचा व्यायाम करत होत्या. आपा बोलता बोलता थांबल्या. मीही कॉलवर होते, मलाही दिसलं. डाव्या मनगटाभोवती, म्हणजे चांगल्या हाताच्या मनगटाभोवती, काळपट वळ होता. कडं घातल्यासारखा गोल.

"हे मनगटाला काय झालं?" आपांनी विचारलं.

फोन हलला. क्षणभर भिंत दिसली. "काय न्हाय. बांगडी रुतली."

नीलव्वांच्या त्या हातात बांगडी नव्हती.

पुढच्या कॉलला वळ ताजा होता, लालसर. आपांनी महानंदाला पाणी आणायला पाठवलं. फोन उशीला टेकवून ती गेली तशा आपा घाईघाईनं म्हणाल्या, "आजी, तुम्हाला बांधून ठेवतात का? सून बांधते का?"

नीलव्वांनी मान हलवली. हो.

"आपा, त्यावर जाऊ नका," मी म्हटलं. "त्यांची हो-नाही अजून भरवशाची नाही. आत्ता विचारलं की तुम्ही पुरुष आहात का, तरी त्या मान हलवतील."

"मनगट तर खोटं बोलत नाही ना?"

तेवढ्यात बांगड्या वाजल्या. महानंदा परत आली होती. तिनं किती ऐकलं कोण जाणे. कॉल बंद झाला आणि त्यानंतर तो नंबर लागेना. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्या दिवशीही नाही.

आपा या तीन दिवसांत कामात नव्हत्याच. दुसऱ्या पेशंटला पाय दाखवा म्हणताना त्यांचं लक्ष टेबलावरच्या फोनकडे असायचं. सेंटर चालवणाऱ्या आमच्या सरांना सांगू या, गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताई असतात त्यांना विचारू या, असं मी म्हणत होते. त्यांनी मान डोलावली आणि मी माझ्या खोलीत गेले. परत आले तर त्या मल्लिनाथशी बोलत होत्या.

"तुमच्या आईला घरात बांधून ठेवतात, हे तुम्हाला माहीत आहे का?"

पलीकडून यंत्रांचा आवाज येत होता; रात्रपाळीला जोडून त्याला दिवसाचीही पाळी लागली असावी. मग मल्लिनाथनं फोन कट केला.

"आपा, काय केलंत हे?" मी म्हटलं. "खरं असेल तर असेल. पण ती बाई घरी एकटी आहे आणि तो आता संतापून घरी जाणार."

आपांनी माझ्याकडे बघितलं. आपण काय करून बसलो हे त्यांना तेव्हा कळलं असावं, कारण त्यांनी लगेच स्कूटीची किल्ली उचलली.

वळसंग फार लांब नाही. पण त्या दिवशी अक्कलकोट रोड सरता सरत नव्हता. मी मागे बसून सारखा महानंदाचा नंबर लावत होते. बंद. आपांनी वाटेत एकदाच तोंड उघडलं. "मुलगा रागीट असेल का गं?" मला काय माहीत? आम्ही त्या घरातली कॉट ओळखत होतो, मोरी ओळखत होतो, खिडकीचे गज ओळखत होतो. माणसं कुठं ओळखत होतो?

घर विचारावं लागलं नाही. मल्लिनाथचा आवाज गल्लीपर्यंत येत होता. अंगणात मोटारसायकल आडवी पडलेली, स्टँडवरही लावली नव्हती. आम्ही दारात गेलो. नीलव्वा कॉटवर अर्ध्या उठून बसलेल्या आणि डावा हात हवेत हलवत ओरडत होत्या, "बेड! बेड! बेड!" खाली भिंतीला टेकून एक बारीक, तिशीतली बाई बसली होती. डोळ्यांखाली काळं, केस विस्कटलेले. जमिनीवर हिरव्या बांगड्यांचे तुकडे पडले होते.

तीच महानंदा. आम्ही तिला पहिल्यांदाच बघत होतो.

"या मॅडम," मल्लिनाथ म्हणाला. "तुमीच विचारा हिला. माज्या आईला बांधती ही. मी तिकडं रातभर मरतोय आन ही हितं..."

महानंदानं त्याच्याकडे बघितलंही नाही. ती आपांकडे बघत होती. फोनवर बघून बघून तिनं ओळखलं असणार. तिनं सावकाश आपला उजवा हात पुढे केला. बांगड्या फुटलेल्या जागी रक्ताची बारीक रेघ होती, आणि तिच्या वर, मनगटाभोवती गोल, तसाच काळपट वळ होता.

"माजं बी बघा की मग," ती म्हणाली.

कुणालाच काही कळेना. मग ती बोलायला लागली. एवढे दिवस 'घेते की' पलीकडे न गेलेली बाई, थांबेचना.

"दोन डाव उठल्या रातच्या. एकदा खुरडत खुरडत मोरीपातूर गेल्या, एकदा भाईर हौदापाशी. मला जागच आली न्हाय. दिवसभर रानात आन घरात, डोळा लागला की मेल्यावानी झोपती मी. मग जुन्या लुगड्याचा काठ फाडला. एक टोक त्यांच्या हाताला, एक माज्या. त्या हलल्या की मला वढ बसती, मी उठती. उजव्याला बांधून काय करू, उजवा हलतच न्हाई." तिनं दम घेतला. "तुमीच म्हणला हुता न्हवं? एकदा पडल्या तर सगळं संपलं. जबाबदारी तुमची. मग मी काय करायचं हुतं?"

"मग बांगडी रुतली म्हणून का सांगितलंस?" मी विचारलं.

"तुमी वरडला असता."

आपा दारातच उभ्या होत्या. त्यांचा चेहरा मी तसा कधीच बघितला नव्हता, पुन्हाही बघितला नाही. त्या आत आल्या, महानंदाच्या समोर जमिनीवर बसल्या. ज्यांना खाली बसायला खुर्चीचा आधार लागायचा त्या. त्यांनी तिचा हात हातात घेतला, काच रुतली नाही ना ते बघितलं, ओढणीच्या टोकानं रक्त पुसलं. मग सवयीनं त्यांची बोटं वर गेली, दंडावर, खांद्यावर, मानेवर. मानेपाशी महानंदा कळवळली.

"नीट झोप कधी झाली तुझी?"

महानंदानं आठवायचा प्रयत्न केला. खरंच केला, वर आढ्याकडे बघून. "न्हाय आठवत," ती म्हणाली.

"माझं चुकलं," आपा म्हणाल्या. "तुमचं घर कोपऱ्यान् कोपरा बघितलं मी. तुला बघितलंच नाही."

मग त्यांनी मल्लिनाथकडे मान वळवली आणि बांगड्यांच्या तुकड्यांकडे बोट केलं. "आणि हे?"

तो पायानं तुकडे बाजूला सारायला लागला.

"हे माझ्या फोनमुळं झालं, ते मी भोगीन. पण हात तुमचा होता. आई तुमची आहे. आजची रात्र तुम्ही आईपाशी झोपायचं. ही दुसऱ्या खोलीत झोपेल, दार लावून. कारखान्यात काय सांगायचं ते सांगा."

मल्लिनाथ उंबऱ्यावर बसला. नीलव्वांचं ओरडणं थांबलं होतं. त्या मुलाकडे बघून एकदा, हळू, पण स्पष्ट म्हणाल्या, "बेड." त्या एका शब्दाचा अर्थ लावायला त्या दिवशी कुणाचीच गरज पडली नाही.

आम्ही संध्याकाळपर्यंत तिथं होतो. कॉट काढून गादी जमिनीवर, भिंतीलगत घातली. मोरीकडच्या बाजूला शेजारच्यांकडून आणलेला लोखंडी बाक आडवा लावला. झोपण्याआधी आजींना मोरीत नेऊन आणायचं ठरलं. पडले तरी लागू नये अशी सोय करायची, हे आपांना सुचायला हवं होतं आधीच, असं त्या परतीच्या वाटेवर मला सांगत होत्या. पुन्हा पुन्हा तेच.

सेंटरमध्ये आमच्या सरांनी त्यांना बोलावून घेतलं. खात्री न करता पेशंटच्या घरी फोन करून आरोप केला, हे नियमात बसत नव्हतंच. सर बरंच बोलले. आपांनी एवढंच म्हटलं, "खरं आहे," आणि बाहेर आल्या. काही महिने त्यांचं काम दुसऱ्या कुणाच्या देखरेखीखाली चाललं. वयानं निम्म्या मुलीला त्या रोज आपल्या पेशंटबद्दल सांगायच्या आणि तिच्या सूचना ऐकून घ्यायच्या. मला वाटलं होतं, त्या भांडतील. भांडल्या नाहीत.

नीलव्वा पुढे काठी धरून अंगणापर्यंत चालायला लागल्या. बोलण्यात फार प्रगती झाली नाही, पण 'नंदा' एवढं यायला लागलं. सुनेला हाक मारायला तेवढं पुरतं. मल्लिनाथनं दिवसपाळी मागून घेतली. तो महानंदाशी कसा वागतो, हे आपा मधूनमधून तिला एकटीला फोन करून विचारायच्या. "बरं हाय," ती म्हणायची. त्या 'बरं हाय'वर आपांचा पूर्ण विश्वास कधी बसला नाही. फोन ठेवल्यावर त्या खिडकीशी जाऊन उभ्या राहायच्या. आणि पेशंट कुठलाही असो, कॉल लागला की आधी म्हणायच्या, "फोन धरलाय कोणी? जरा समोर या बरं. जेवलात का?" सरांना वाटायचं वेळ जातो. जायचाच.

मग एक दिवस विजापूरला त्यांच्या थोरल्या बहिणीचं खुब्याचं हाड मोडलं. बहीण एकटी, मूलबाळ नाही. आपांनी नोकरी सोडली. मी म्हटलं, फोनवरून करा की त्यांचा व्यायाम, तुमच्याइतकं ते कुणाला जमतं? त्या हसल्या. "तिला माझं ऐकायची सवय नाही गं. लहानपणापासून नाही."

मी त्यांना एसटी स्टँडवर सोडायला गेले. विजापूरची गाडी लागली तशी झुंबड उडाली. आपांच्या पुढे एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत दारापाशी पोहोचले होते. आत कंडक्टर घाई करत होता, "चला आजोबा, चढा पटापटा." आजोबांनी दुखरा पाय उचलला, तो पायरीपर्यंत पोहोचेना. मागून लोक रेटायला लागले.

आपांनी पिशवी माझ्या हातात कोंबली आणि लोकांकडे पाठ करून, दोन्ही कोपरं बाहेर काढून उभ्या राहिल्या. गर्दी जागच्या जागी थांबली.

"आजोबा, सावकाश. गाडी कुठं जात नाही. चांगला पाय आधी वर. हां. आता दांडी धरा. आता दुसरा."

त्यांचा उजवा तळवा आजोबांच्या पाठीमागे उघडा होता, पाठीला न टेकता, बोटभर अंतरावर. आजोबा एकेक पायरी चढले. आपा त्यांच्या मागून चढल्या. मी खिडकीतून पिशवी आत दिली, ती दुसऱ्याच कुणी घेतली. मी हाक मारली, पण त्यांचं लक्ष नव्हतं. गाडी हलली. काचेतून मला गर्दीत त्या उभ्याच दिसल्या, तो हात तसाच धरून. आजोबा सीटवर टेकले, तेव्हा कुठं त्यांनी तो खाली घेतला.